अज्ञान धनी व त्यांच्या शिक्षणाचा अधिकार : सातारा व सांगली येथील कांहीं उदाहरणें

आपल्या जुन्या दप्तरांत ‘अज्ञान’ हा शब्द ज्या अर्थानें येतो, त्या अर्थाचा विद्येशीं फारसा संबंध नाहीं. धनी कितीही शहाणा असो, दौलतीचा कारभार हातीं आला नाहीं तोंवर तो अज्ञान. आणि ज्याच्या हातीं शिक्केकट्यार आली तो, अक्षरशत्रु असला तरी, सज्ञान. अशा धन्याचे पालक कोण होते, त्यांनीं दौलत राखिली कीं बुडविली, याचा खल इतिहासकार नेहमींच करितात. त्या मुलानें काय शिकावें हें कोणीं ठरविलें, व त्यास स्वतःस त्यांत कांहीं बोलतां येत होतें काय, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. सातारा व सांगली येथील उदाहरणें पाहतां आमचें मत असें झालें आहे कीं, अज्ञानपण संपविणें हें बहुधा पालकाच्या मर्जीवर राहिलें, मुलाच्या वयावर नाहीं. आणि शिक्षण हें त्या कामीं पालकाचें मोठें सोयीचें साधन होतें. कधीं तें दिलेंच नाहीं, कधीं आपणांस हवें तसें दिलें, आणि कधीं ‘धन्यास अजून शिकावयाचें आहे’ एवढेंच म्हटलें.

शास्त्राचा दोष येथें नाहीं. नारदस्मृतीप्रमाणें सोळाव्या वर्षापर्यंत मूल पोगंड. त्यानंतर तें व्यवहार जाणणारें, व आईबाप नसतील तर स्वतंत्र. कौटिल्यानेंही पुरुषाच्या प्राप्तव्यवहाराची मर्यादा सोळाच सांगितली आहे. मर्यादा ठरलेली होती. ती पाळविणारा कोणी नव्हता.

पटवर्धनांच्या घराण्यांत पहा. चिंतामणराव आप्पासाहेब यांच्याकडे मिरजेची दौलत आली तेव्हां, म्हणजे १७८२ सालीं, ते सहा वर्षांचे होते असें गॅझेटियरांत दिलें आहे. कारभार चुलते गंगाधरराव यांजकडे राहिला. शास्त्राच्या हिशेबानें चिंतामणराव १७९२ च्या सुमारास मोकळे व्हावयाचे. गॅझेटियरकार तर ते १८०१ त वयांत आले असें लिहितो! मधल्या काळांत हा ‘अज्ञान’ धनी काय करीत होता? १८०० सालीं धोंड्या वाघावरील मोहिमेंत धोंडोपंत गोखले पडले, त्या प्रसंगीं चिंतामणराव स्वतः फौजेंत असून जखमी झाले होते. घोड्यावर बसून जखम घ्यावयास जो लायक, तो आपल्या घरचे हिशेब पाहावयास लायक नाहीं, असा हा न्याय. अखेर चुलत्यापुतण्यांत वांटणी होऊन मिरज गंगाधररावांकडे राहिली व चिंतामणरावांनीं सांगलीस नवें ठाणें केलें. वासुदेवशास्त्री खरे यांनीं प्रसिद्ध केलेल्या पटवर्धनी कागदांचें ऋण या घराण्याच्या प्रत्येक अभ्यासकावर आहे. ते कागद या दृष्टीनें पुन्हां चाळण्यासारखे आहेत.

साताऱ्याची हकीकत याहून कठीण आहे. प्रतापसिंह महाराज १७९३ त जन्मले व १८०८ सालीं, पंधराव्या वर्षीं, गादीवर आले. गादी नांवाची, महाराज व त्यांचें कुटुंब पेशव्यांच्या पहाऱ्यांत होतें. छत्रपति शिकला तर उद्यां कारभार मागेल, ही धास्ती पहारेकऱ्यांच्या धन्यास होती. मराठी चरित्रकार सांगतात कीं, मातुःश्री माईसाहेबांनीं मुलाचें शिक्षण रात्रीच्या वेळीं, वाड्यांत चोरून चालविलें. अक्षरओळख व हिशेब तर होतेच, पण घोड्यावर बसणें व हत्यार चालविणें हेंही त्याच वेळीं. ज्या घराण्याच्या नांवानें सनदा निघत, त्या घराण्याच्या वारसास मोडी वाचावयास दिवसाउजेडीं सोय नसावी, याहून चमत्कारिक स्थिति ती कोणती!

२० फेब्रुवारी १८१८ रोजीं अष्टीची लढाई होऊन महाराज इंग्रजांच्या हातीं आले, आणि पहारा जाऊन पालक आला. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें राज्य महाराजांचें ठरलें, परंतु कारभार कांहीं काळ इंग्रजांनीं पाहावा व महाराज कामांत तयार होतील तसा तो त्यांचे हवालीं करावा, अशी योजना झाली. महाराजांचें वय तेव्हां सव्वीस. त्यांस राज्यकारभार शिकविण्यास नेमलेले कॅप्टन ग्रांट, पुढें मराठ्यांची बखर लिहिणारे ग्रांट डफ ते हेच, १७८९ सालचे. गुरुशिष्यांच्या वयांत पुरतीं चार वर्षेंही नव्हतीं. ग्रांट कष्टाळू होते व त्यांनीं शिकविलें तें मन लावून शिकविलें, हें कबूल केलें पाहिजे. पण परीक्षा घेणारे तेच, निकाल सांगणारे त्यांचेच वरिष्ठ, आणि उत्तीर्ण होण्याचें वर्ष शिष्यास माहीत नाहीं. ५ एप्रिल १८२२ रोजीं, एकोणतिसाव्या वर्षीं, मुखत्यारी मिळाली.

त्याच तहांत परराज्यांशीं व बाहेरच्या सरदारांशीं परभारें पत्रव्यवहार करूं नये असें कलम होतें. रात्री जागून ज्यानें लिहिणें साधलें, त्यानें कोणास लिहावें हेंही दुसऱ्यानेंच ठरविलें. १८३९ त महाराज पदच्युत होऊन काशीस गेले, त्या प्रकरणांत गोव्याशीं पत्रव्यवहार केल्याचा आरोप होता, हें वाचकांस ठाऊक आहेच. मधल्या सतरा वर्षांत त्यांनीं साताऱ्यास पाठशाळा काढिली, छापखाना चालविला व स्वतःची रोजनिशी ठेविली. ज्यास शिकूं दिलें नाहीं त्यानें प्रथम शाळा काढावी, यांत आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं.

सांगलीस पुढें हाच क्रम नव्या रीतीनें चालला. १९०१ सालीं धुंडिराजराव तात्यासाहेब निपुत्रिक वारले. १९०३ त तेरा वर्षांचे दत्तक चिंतामणराव गादीवर आले. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत झालें. १९१० त मुखत्यारी मिळाली. येथें उपेक्षा नाहीं, उलट काळजी फार. पण मराठी मुलानें काठेवाडांत जाऊन शिकावें हा निर्णय त्या मुलाचा नव्हता.

खालसा मुलखांत यावेळीं कायदा झालेला होता. १८७५ च्या कायद्यानें सज्ञानतेचें वय अठरा ठरलें, कोर्टानें पालक नेमला असल्यास एकवीस. हा भेद १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला. १८९० चा पालक व पाल्य यांविषयींचा कायदा अधिक लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. पालक कोण असावा हें ठरवितांना, मूल समजून निवड करण्याइतकें मोठें असेल तर कोर्ट त्याची इच्छा विचारांत घेऊं शकतें, असें सतरावें कलम म्हणतें. चोविसाव्या कलमांत पाल्याचें पोषण, आरोग्य व शिक्षण पाहणें हें पालकाचें कर्तव्य सांगितलें आहे. तेथें मुलाच्या इच्छेचें नांव नाहीं. म्हणजे शिकविणारा निवडतांना मुलास विचारावें, शिकणें ठरवितांना विचारण्याचें कारण नाहीं! मुलास आपलें मत बनवितां येत असेल तर त्याच्यासंबंधींच्या सर्व बाबतींत तें ऐकून घ्यावें, असें संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्कांच्या कराराचें बारावें कलम सांगतें. हिंदुस्थाननें तो करार १९९२ त मान्य केला. माईसाहेबांच्या रात्रीच्या शाळेपासून येथवर पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ गेला.

संग्राहकांस एक विनंति आहे. पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला, तेव्हांपासून खाजगी घरांतून राहिलेले रुमाल अजूनही फुटत आहेत. त्यांत तह, सनदा, निवाडे निवडून ठेवितात. मुलांचे मोडीचे कित्ते, पंतोजीच्या पगाराच्या याद्या, अज्ञान धन्यानें चुलत्यास वा आईस लिहिलेली चिठ्ठी, हें ‘किरकोळ’ म्हणून रद्दींत जातें. पालकाचें म्हणणें तहांत व निवाड्यांत मिळतें. मुलाचें मिळालें तर याच किरकोळींत मिळेल.

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यांत जें हायस्कूल भरत असे व ज्यास पुढें प्रतापसिंह महाराजांचें नांव मिळालें, त्याच्या दाखल्याच्या रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हें नांव आहे, आणि त्यासमोर नऊ वर्षांच्या त्या मुलाची स्वतःची सही आहे.