कढीलिंबाच्या नांवांतील जर्मन वैद्य : योहान गेरहार्ड क्यॉनिग

महाराष्ट्रांत कढीलिंबावांचून फोडणी होत नाहीं असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. आमच्या वऱ्हाडांत, बुलढाणा जिल्ह्याकडेहि, ह्या झाडास गोडनिंब म्हणतात. वनस्पतिशास्त्रांत त्याचें ‘मुराया कोएनिगी’ हें नांव दीर्घकाळ रूढ होतें; अलीकडे ‘बर्गेरा कोएनिगी’ हें मूळचें नांव पुनः ग्राह्य धरलें जाऊं लागलें आहे. पूर्वपद बदललें तरी उत्तरपद कायम राहिलें. तें उत्तरपद योहान गेरहार्ड क्यॉनिग ह्या जर्मन वैद्याचें होय. त्याच्या आयुष्याचा महत्त्वाचा भाग तंजावरच्या मराठी राज्याच्या कुशींत गेला. सबब मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं त्याचा परिचय करून घेणें अप्रस्तुत ठरूं नये.

क्यॉनिगचा जन्म इ. स. १७२८ मध्यें बाल्टिक समुद्राच्या प्रदेशांतील, म्हणजे हल्लींच्या लाटव्हियांतील, एका जर्मनभाषी कुटुंबांत झाला. पुढें स्वीडनमधील उप्साला येथें लिनियस ह्या विख्यात पंडिताजवळ त्याचें अध्ययन झालें. इ. स. १७६४-६५ मध्यें डेन्मार्कच्या राज्यांतील वनस्पतींच्या महाग्रंथाकरितां तो आइसलंड बेटावर हिंडला. तेथें मिळालेल्या एका क्षुद्र, बोटभर उंचीच्या वनस्पतीस लिनियसनें इ. स. १७६७ मध्यें ‘कोएनिगिया’ असें नांव देऊन शिष्याचा गौरव केला. त्यानंतर थोड्याच काळांत, इ. स. १७६८ मध्यें, क्यॉनिग डॅनिश मिशनचा वैद्य म्हणून चोळमंडलाच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी येथें उतरला.

ह्या ठिकाणाची राजकीय स्थिति ध्यानांत घेणें अवश्य आहे. इ. स. १६२० मध्यें तंजावरच्या रघुनाथ नायकाशीं तह करून डॅनिश लोकांनीं तेथें वखार व किल्ला उभारला. नायकांचें राज्य जाऊन शिवछत्रपतींचे बंधु व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आल्यानंतरहि ही वसाहत तशीच राहिली. इ. स. १७०६ पासून तेथें जर्मन पाद्री येऊं लागले, व त्यांच्यामागून जर्मन विद्याहि आली. क्यॉनिग आला त्या समयीं तंजावरास तुळजाजीराजे (इ. स. १७६३ ते १७८७) राज्य करीत होते. म्हणजे निशाण डेन्मार्कचें, वैद्य जर्मन आणि सभोंवतींचा मुलूख मराठ्यांचा, असा तो योग होता.

मिशनच्या तुटपुंज्या वेतनांत प्रवासाचा व संग्रहाचा खर्च भागेना. इ. स. १७७३ मध्यें अर्काटच्या नबाबानें इंग्रजांच्या साह्यानें तंजावर घेतलें व तुळजाजीस पदच्युत केलें. पुढील वर्षींच क्यॉनिग त्याच नबाबाच्या पदरीं राहिला. तुळजाजीस राज्य परत मिळालें तें इ. स. १७७६ मध्यें. क्यॉनिगच्या मनांत कोणाचा पक्ष होता हा प्रश्न येथें गौण आहे. विद्येस आश्रय लागतो, आणि राज्यें उलथत असतां तो जेथें मिळेल तेथें विद्वान् जातो, इतकेंच ह्यावरून दिसतें. आपल्याकडील शास्त्री-पंडितांचेंहि त्या शतकांत असेंच झालें. इ. स. १७७८ मध्यें तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत शिरला, व सयाम आणि मलाक्का येथवर जाऊन आला. ता. २६ जून १७८५ रोजीं काकिनाड्याजवळील जगन्नाथपुरम् येथें त्याचा अंत झाला. शेवटच्या दुखण्यांत त्याच्या शुश्रूषेस रॉक्सबर्ग होता. हाच पुढें कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचा अधिपति झाला. क्यॉनिगचे हस्तलेख लंडनास जोसेफ बँक्स ह्याजकडे गेले.

त्याच्या कार्याचें मोल हिंदुस्थानच्या वनस्पतींस नव्या पद्धतीचीं द्विपद नांवें मिळवून देण्यांत आहे. कढीलिंबास लिनियसनें इ. स. १७७१ मध्यें नांव दिलें तें क्यॉनिगच्याच द्वारें. आपला सोनटक्का ‘हेडिकियम कोरोनेरियम’ ह्या नांवानें शास्त्रास ठाऊक आहे; तें नांव स्वतः क्यॉनिगनें दिलें व इ. स. १७८३ मध्यें रेट्झियसच्या ग्रंथांत प्रसिद्ध झालें. त्यांतील पहिल्या पदाचा ग्रीक अर्थ ‘मधुर हिम’ असा आहे. आइसलंडचें बर्फ पाहिलेल्या माणसाच्या हातून आपल्या शुभ्र, सुगंधी फुलास असें नांव पडावें, हा योग मनोहर आहे. पावसाळ्यांत डोंगरउतारावर फुलणारें पेवहि शास्त्रास त्याच्याच वर्णनावरून परिचित झालें. वनस्पतींखेरीज वाळवीविषयींचा त्याचा निबंध इ. स. १७७९ मध्यें बर्लिन येथें छापला गेला.

संस्कृतज्ञांस येथें एक शंका येईल. कढीलिंब आपल्यास पूर्वींपासून ठाऊक असतां परक्यानें त्याचें नामकरण करण्याचें प्रयोजन काय? उत्तर आपल्याच कोशांत आहे. कढीलिंबाचें संस्कृत नांव बहुधा ‘कैडर्य’ असें सांगतात. परंतु अमरकोशांत कैडर्य हा शब्द कट्फलाच्या, म्हणजे कायफळाच्या, पर्यायांत येतो. वैद्यक निघंटूंत तोच निंबाच्या एका जातीस लागतो. एक शब्द आणि झाडें अनेक, अशा स्थितींत दूरदेशींच्या वैद्यानें काढ्यांत काय घालावें? लिनियसची पद्धति नांवाबरोबर वाळवून ठेवलेला नमुना आणि फुला-फळांचें वर्णन मागते. नांवाविषयीं संशय आला तर नमुना पाहतां येतो. आपल्या निघंटूंचें बळ गुण, रस, वीर्य व विपाक सांगण्यांत आहे. झाड ओळखून देण्याचें काम त्यांनीं गुरुमुखावर सोपविलें होतें. परंपरा अखंड होती तोंपर्यंत तें चाललें. ती तुटतांच शब्द उरले आणि वस्तु संदिग्ध झाल्या.

असें असतांहि दुसरी बाजू सांगितली पाहिजे. इ. स. १६७८ ते १६९३ ह्या काळांत आम्स्टरडॅम येथें बारा खंडांत निघालेल्या ‘होर्टुस मलाबारिकुस’ ह्या ग्रंथांत रंगभट, विनायक पंडित व आपुभट ह्या तिघां कोंकणी ब्राह्मण वैद्यांची साक्ष नागरी लिपींत छापलेली आहे, आणि इट्टि अच्युतन् ह्या मलबारी वैद्याचाहि उल्लेख आहे. शंभर वर्षांनंतरच्या द्विपद नांवांत मात्र अशा साक्षीदारास जागा उरली नाहीं. संग्राहकाचें नांव झाडास चिकटलें. तें झाड परसांत लावणाऱ्या व त्याचा पाला आमटींत आणि औषधांत योजणाऱ्या लोकांचें नांव त्यांत आलें नाहीं. पद्धति निर्दोष असली तरी स्मरण अपुरें राहिलें.

तुळजाजीचे दत्तकपुत्र सरफोजीराजे (इ. स. १७९८ ते १८३२) ह्यांचें शिक्षण श्वार्ट्झ ह्या तरंगमबाडीहून आलेल्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखालीं झालें. त्यांच्या धन्वंतरी महालांत देशी व युरोपीय वैद्यक एकत्र नांदलें. तंजावरच्या सरस्वती महालांत मोडी कागदांचे रुमाल आहेत. मोडी जाणणाऱ्या तरुण अभ्यासकांनीं त्यांत औषधी, बागा, माळी व वैद्य ह्यांविषयींच्या नोंदी हुडकाव्या. क्यॉनिगचें नांव कढीलिंबावर कायमचें कोरलें गेलें, तें योग्यच झालें. त्याच्या शेजारीं ज्यांचीं नांवें असावयास हवीं होतीं, त्यांस कागदांतून वर काढणें हें मराठी संशोधकांचें कर्तव्य होय.