भाषासंभ्रम : शान्दोर फेरेन्त्सीचे जीवन व कार्य

सिग्मंड फ्रॉइडपासून दुरावलेल्या अनुयायांचा विचार करताना ॲडलर व युंग यांचा निर्देश प्रथम होतो. हंगेरियन वैद्य शान्दोर फेरेन्त्सी याने मात्र फ्रॉइडचा पक्ष कधी सोडला नाही, की स्वतःचा निराळा संप्रदाय काढला नाही. असे असूनही १९३२ साली त्याने वाचलेला अखेरचा निबंध इंग्रजीत प्रसिद्ध होण्यास १९४९ साल उजाडले, आणि त्याच वर्षीची त्याची वैद्यकीय दैनंदिनी १९८५ पर्यंत अप्रकाशित राहिली. या विलंबाची मीमांसा करू गेल्यास त्या निबंधाच्या विषयापाशीच यावे लागते. मुलाने सांगितलेले सत्य वडीलधारी माणसे का नाकारतात, हा तो विषय होय.

फेरेन्त्सीचा जन्म ७ जुलै १८७३ रोजी मिश्कोल्त्स येथे एका ज्यू पुस्तकविक्रेत्याच्या घरी झाला. व्हिएन्नात वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो बुडापेस्टमध्ये व्यवसाय करू लागला. १९०८ च्या आरंभी त्याची फ्रॉइडशी भेट झाली आणि पुढील पाव शतकात उभयतांमध्ये बाराशेंहून अधिक पत्रांची देवघेव झाली. १९०९ मध्ये फ्रॉइड व युंग यांच्यासमवेत तो अमेरिकेस गेला. आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघाच्या स्थापनेचा प्रस्ताव १९१० च्या न्यूरेंबर्ग परिषदेत त्यानेच मांडला. १९१९ मध्ये हंगेरीतील अल्पजीवी सोव्हिएट राजवटीत त्याला बुडापेस्ट विद्यापीठात मनोविश्लेषणाचे प्राध्यापकपद मिळाले. ती राजवट कोसळताच पदही गेले आणि पुढील वर्षी तेथील वैद्यक संघानेही त्याला वगळले.

भाषेकडे त्याचे लक्ष आरंभापासून होते. अश्लील शब्दांवरील १९११ च्या निबंधात त्याने असे दाखविले, की बालपणी ऐकलेल्या ग्राम्य शब्दांत जी भावनिक शक्ती साठलेली असते, ती त्यांच्या शास्त्रीय पर्यायांत नसते. तेव्हा रुग्ण सभ्य परिभाषेच्या आडोशास राहिला, तर स्मृतीही झाकलेलीच राहते. अर्थ एक असूनही दोन शब्दांचा परिणाम भिन्न का, हा प्रश्न अर्थविचाराच्या अभ्यासकाला परिचित आहे. फेरेन्त्सीला तो रुग्णशय्येपाशी भेटला.

चिकित्सापद्धतीत त्याने परस्परविरोधी प्रयोग केले. प्रथम रुग्णावर निर्बंध घालणारे 'सक्रिय तंत्र' त्याने अवलंबिले. त्यातील बळजबरी उमगल्यावर १९२८ च्या सुमारास तो तंत्राच्या लवचीकपणाचा आणि चिकित्सकाच्या समयज्ञतेचा पुरस्कार करू लागला. उपचार अडला की दोष रुग्णाच्या प्रतिरोधास देण्याचा प्रघात होता. चिकित्सकाचा थंडपणा व दांभिकताही त्यास कारण असू शकते, हे त्याचे म्हणणे समव्यवसायिकांना रुचण्याजोगे नव्हते.

सप्टेंबर १९३२ मध्ये वीस्बाडेन येथील परिषदेत वाचलेल्या निबंधात हे विचार एकत्र आले. फ्रॉइडने १८९७ मध्ये हिस्टेरियाचे मूळ सर्वत्र प्रत्यक्ष लैंगिक अत्याचारात असते हे मत सोडून बालकाच्या कल्पनाविश्वावर भर दिला होता. फेरेन्त्सीने प्रत्यक्ष आघाताला पुन्हा महत्त्व दिले. मूल मायेच्या भाषेत बोलते, प्रौढ माणूस ते वासनेच्या भाषेत ऐकतो. यालाच त्याने भाषासंभ्रम म्हटले. अत्याचारानंतर भयभीत मूल प्रतिकार न करता आक्रमकाशी तादात्म्य पावते, त्याची अपराधभावनाही स्वतःत ओढून घेते. प्रौढ मात्र काही घडलेच नाही असे वागतो; परिणामी मुलाचा स्वतःच्या इंद्रियांच्या साक्षीवरील विश्वासच ढळतो. चिकित्सकाने तोच नकार दिल्यास मूळ आघाताची पुनरावृत्ती होते.

परिषदेपूर्वी हा निबंध ऐकून फ्रॉइडने तो प्रसिद्ध न करण्याची सूचना केली होती. जर्मन पाठ १९३३ मध्ये छापला गेला. त्याच वर्षी २२ मे रोजी पर्निशस ॲनिमियाने फेरेन्त्सीचे निधन झाले, आणि अर्नेस्ट जोन्सने इंग्रजी भाषांतराचे प्रकाशन थांबविले. १९१३ मध्ये याच जोन्सने फेरेन्त्सीकडून स्वतःचे विश्लेषण करवून घेतले होते. १९५७ मध्ये फ्रॉइडचरित्राच्या तिसऱ्या खंडात त्याने फेरेन्त्सी अखेरीस मनोविकृत झाल्याचे लिहिले. शरीर खचले तरी त्याची बुद्धी स्वच्छ होती, अशी साक्ष शिष्य मायकेल बालिंट याने दिली; परंतु जोन्सचे विधान दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

यावरून फेरेन्त्सीला निर्दोष ठरविणे मात्र युक्त नव्हे. ज्या गिझेला पालोशशी त्याने १९१९ मध्ये विवाह केला, तिच्या कन्येचे, एल्माचे, विश्लेषण करताना तो तिच्या प्रेमात पडला होता. उत्तरायुष्यात रुग्णांशी वात्सल्याने वागण्याच्या नावाखाली त्याने चुंबनास मुभा दिली. डिसेंबर १९३१ च्या पत्रात फ्रॉइडने यावर घेतलेला आक्षेप आजच्या व्यावसायिक नीतीसही मान्य होईल. एलिझाबेथ सेव्हर्न या रुग्णेबरोबर आळीपाळीने एकमेकांचे विश्लेषण करण्याचा प्रयोगही त्याने केला. त्याचे धोके त्याने स्वतःच दैनंदिनीत नोंदविले आहेत. मायेची व वासनेची भाषा निराळी ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःच्या आचरणात ती सीमा नेहमीच सांभाळता आली नाही.

हे दोष व्यक्तीचे व तंत्राचे आहेत. निबंधातील प्रतिपादनाची परीक्षा त्यांच्या आधारे होऊ शकत नाही. लेखकाच्या कथित मनोविकृतीच्या आधारे तर मुळीच नाही. जोन्सच्या विधानाने प्रतिपादन तपासण्याची गरजच संपल्यासारखे झाले, आणि ज्या नकाराविषयी फेरेन्त्सीने लिहिले होते तोच त्याच्या लेखनाच्या वाट्यास आला. दैनंदिनी व पत्रव्यवहार प्रकाशित झाल्यापासून मूळ साधने अभ्यासकासमोर आहेत. जोन्सच्या चरित्राची साक्ष यापुढे या साधनांशी ताडूनच स्वीकारली पाहिजे.