कौशल्य मोजायचं कसं? – पटावरून पडद्यावर

मोबाइलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या गप्पांत एक आकडा हमखास येतो. 'माझं रेटिंग चौदाशे झालं' असं कोणी आनंदानं सांगतं, तर कालच्या हरण्यानं ते खाली आलं म्हणून कोणी हिरमुसतं. हा आकडा आला कुठून? आणि तो नेमकं काय मोजतो?

उंची पट्टीनं मोजता येते, ताप तापमापीनं. कौशल्य मात्र दिसत नाही. दिसतात ते फक्त निकाल: कोण कोणाविरुद्ध जिंकलं, कोण हरलं. स्पर्धेचा मोबाइल-खेळ बनवणाऱ्यांचं तर या मोजमापावाचून चालतच नाही. नवख्याची गाठ पटाईत खेळाडूशी घालून दिली, तर एक वैतागतो आणि दुसरा कंटाळतो. तेव्हा कोणाला कोणासमोर बसवायचं, हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न असतो. त्याचं उत्तर मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी बुद्धिबळाच्या पटावर शोधलं गेलं.

१९५०च्या सुमारास अमेरिकेतल्या बुद्धिबळ महासंघानं केनेथ हार्कनेस यांची पद्धत स्वीकारली. त्यात खेळाडूच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी काढत. निम्मे गुण मिळाले तर खेळाडूची त्या स्पर्धेतली कामगिरी सरासरीइतकी. निम्म्याहून जास्त मिळाले तर दर टक्क्याला १० गुणांची भर. हिशेब सोपा होता, पण त्यात एक खोट होती. समजा, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १००० आहे. सगळे डाव जिंकले तरी कामगिरी १५००च्या वर जाणार नाही. म्हणजे २०००चा खेळाडू एकही डाव न हरता १५००चा ठरणार!

ही खोट दूर केली आर्पाद एलो यांनी. १९०३ साली हंगेरीत जन्मलेले एलो लहानपणीच अमेरिकेत आले. पुढे ते मिल्वॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवू लागले. ते स्वतः उत्तम बुद्धिबळपटूही होते. कोणत्याही मोजमापात थोडी चूक असतेच, हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. एलोंनी असं गृहीत धरलं, की खेळाडू रोज सारखाच खेळत नाही. कधी बरा, कधी वाईट, पण त्याचा खेळ एका सरासरीभोवती फिरत राहतो. रेटिंग म्हणजे त्या सरासरीचा अंदाज.

मग दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून, डाव होण्याआधीच निकालाची अपेक्षा मांडता येते. फरक शून्य असेल तर दोघांनाही निम्मी अपेक्षा. फरक २०० असेल तर वरचढ खेळाडूकडून १०० डावांत सुमारे ७६ गुणांची अपेक्षा. ४०० असेल तर सुमारे ९१ची. डाव झाला की प्रत्यक्ष गुणांतून अपेक्षित गुण वजा करायचे आणि उरलेल्याला एका ठरावीक संख्येनं गुणायचं. ती संख्या आपण २० धरू. १६००च्या खेळाडूनं १४००च्या खेळाडूला हरवलं, तर त्याला (१ – ०.७६) × २०, म्हणजे जेमतेम ५ गुण मिळतात. तोच हरला तर मात्र १५ गुण जातात. अपेक्षेप्रमाणे घडलं तर बदल थोडा, अनपेक्षित घडलं तर बदल मोठा. त्यामुळे चुकीचा अंदाज खेळता खेळता आपोआप दुरुस्त होत जातो.

अमेरिकी महासंघानं ही पद्धत १९६० साली स्वीकारली, आंतरराष्ट्रीय महासंघानं १९७० साली. तिच्या मर्यादा एलोंना पुरत्या ठाऊक होत्या. खवळलेल्या पाण्यावर एक बूच वरखाली होतं आहे आणि वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीनं त्याची जागा मोजायची आहे, अशी उपमा त्यांनीच रेटिंगला दिली होती.

पुढची सुधारणा याच अनिश्चिततेबद्दल होती. कालच आलेल्या खेळाडूचा आकडा आणि हजार डाव खेळलेल्याचा आकडा सारखाच भरवशाचा कसा मानायचा? १९९५ साली मार्क ग्लिकमन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञानं रेटिंगला दुसरा आकडा जोडला: अंदाज किती डळमळीत आहे हे सांगणारा. नवख्याचं रेटिंग झपाट्यानं बदलतं, मुरलेल्याचं सावकाश. बरेच दिवस न खेळणाऱ्याबद्दलची अनिश्चितता पुन्हा वाढते. मायक्रोसॉफ्टनं २००५पासून आपल्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रावर वापरलेल्या 'ट्रूस्किल' पद्धतीनं हाच विचार संघांनाही लागू केला. मोबाइलवर बुद्धिबळासाठी लोकप्रिय असलेल्या लिचेसवर ग्लिकमन यांचीच सुधारित पद्धत चालते.

आकडा हाती आला तरी जोडी जुळवणं बाकी राहतं. अगदी तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवा तर खेळाडूला ताटकळावं लागतं. लगेच हवा तर तो तुल्यबळ असेलच असं नाही. म्हणून सुरुवातीला जवळच्या रेटिंगचा खेळाडू शोधायचा आणि वाट पाहण्याचा वेळ वाढेल तसा फरक थोडा वाढू द्यायचा, हा नेहमीचा तोडगा. ज्या खेळात पैसे देऊन बळ वाढवता येतं, तिथे मात्र घोळ होतो. आकडा कौशल्यही मोजतो आणि खिसाही, आणि त्यातलं कोणतं किती हे सांगता येत नाही.

शिक्षक म्हणून आपल्याला या इतिहासातून काय घेता येईल? जोड्या नीट जुळवल्या असतील, तर प्रत्येक खेळाडू साधारण निम्मे डाव हरणारच. वर्षभर सराव करून मूल म्हणतं, 'मी अजूनही तितकाच हरतो.' त्याच्या लक्षात येत नाही, की मधल्या काळात समोरचे खेळाडू बदलले, अधिक तयारीचे झाले. हे त्याला समजावून सांगायला हवं. शिवाय रेटिंग हे त्या त्या ठिकाणी खेळणाऱ्यांच्या तुलनेतलंच असतं. एका ठिकाणचे १५०० आणि दुसऱ्या ठिकाणचे १५०० एकच असतील असं नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. कॅरम खेळणाऱ्या आठ-दहा मुलांना प्रत्येकी १००० गुण द्या. रोजच्या डावांनंतर वरच्या रीतीनं हिशेब मुलांनाच करू द्या. अपेक्षा काढण्यासाठी फरकाला ४००नं भागा, तितका १०चा घात काढा, त्यात १ मिळवा आणि १ला त्या संख्येनं भागा. कमी रेटिंगच्या खेळाडूची अपेक्षा मिळेल. ती १मधून वजा केली की दुसऱ्याची. महिन्याभरानं तक्ता पाहताना मुलांना एकच विचारा: आज एखाद्याचे २० गुण उतरले, तर त्याचा खेळ बिघडला, की आपली पट्टी हलली?