गजकर्ण : मलमापूर्वी निदान महत्त्वाचे

पावसाळ्यातील दमट हवा, ओले कपडे आणि घाम यांमुळे त्वचेवर बुरशीची वाढ होण्यास अनुकूल वातावरण मिळते. गजकर्ण अर्थात नायटा, चिखल्या आणि शिबे हे त्यातून उद्भवणारे नेहमीचे विकार होत.

लक्षणे

गजकर्णाचा चट्टा गोलाकार असतो. त्याची कडा लालसर, किंचित उंच व खवलेदार असते. मधला भाग तुलनेने स्वच्छ दिसतो. जांघ, कंबर व काखेत तो प्रामुख्याने आढळतो आणि तीव्र खाज सुटते. चिखल्यांमध्ये पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील त्वचा पांढुरकी होऊन सोलते. शिब्यांचे फिकट डाग छाती, पाठ व मानेवर उमटतात.

मात्र प्रत्येक गोल चट्टा गजकर्णाचाच असतो असे नाही. इसब व सोरायसिसचे चट्टेही तसेच दिसू शकतात. चट्ट्यावर स्पर्श जाणवत नसल्यास कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास बुरशीचे निदान होते.

घातक सवय

औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या अनेक मिश्र मलमांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टिरॉइड असते. त्याने खाज लगेच शमते. बुरशी मात्र जिवंत राहते. चट्टा पसरतो, त्याचे मूळ रूप पुसट होऊन निदान अवघड बनते, त्वचा पातळ पडते आणि जांघेत कायमचे वळ उमटतात. म्हणूनच केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा स्टिरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर बंधने आणली. त्यातच २०२० मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदली गेलेली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' ही बुरशी टर्बिनाफिन या प्रचलित औषधाला अनेकदा दाद देत नाही.

उपचार व काळजी

* बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे.
* चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत उपचार थांबवू नयेत.
* डोक्यातील केसांच्या मुळांशी झालेल्या संसर्गावर पोटातूनच औषध घ्यावे लागते. नखांच्या संसर्गातही बहुधा तेच करावे लागते. यकृताचे विकार असलेल्यांनी व गर्भवतींनी डॉक्टरांना तशी पूर्वकल्पना द्यावी.
* टॉवेल व अंतर्वस्त्रे प्रत्येकाची वेगळी असावीत. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवावेत.
* घरातील सर्व बाधितांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. अन्यथा बरा झालेला रुग्ण पुन्हा बाधित होतो.

मधुमेहींनी, तसेच चट्टे वेगाने पसरत असल्यास कोणीही, घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.