पाच उदाहरणं आणि ६४१

२ घ्या आणि वर्ग करत चला: ४, १६, २५६, ६५,५३६. या प्रत्येकात, २ मध्येसुद्धा, १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. पाचही मूळ संख्या. आणखी एकदा वर्ग केला आणि १ मिळवला, की येते ४,२९,४९,६७,२९७. ३२ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा ही फक्त २ ने मोठी, त्यामुळे प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हा परिसर ओळखीचा. पण तिची गोष्ट संगणकाच्या सुमारे तीनशे वर्षं आधीची आहे.

फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयात काम करणारा पिएर द फर्मा फावल्या वेळात गणित करायचा. १६४० साली फ्रेनिक्लला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं, की या मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. पक्की सिद्धता हाती नाही, हेही त्याने लिहिलं. मात्र बरेच भाजक आपण बाद केलेत, याचा त्याला भरवसा होता.

१७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने हा दावा पीटर्सबर्गमधल्या ऑयलरच्या कानावर घातला. तेव्हा ऑयलर अवघा २२ वर्षांचा होता. १७३२ मध्ये त्याने उत्तर दिलं: ६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७. दावा कोसळला.

६४१ सापडला कसा? या संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, तिला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरायलाच हवी, हे ऑयलरने पुढे सिद्ध करून दाखवलं. अशा मूळ संख्या क्रमाने लिहा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकाराला निकाल लागतो; कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासाचं काम.

चुटपुट लागते ती पुढच्या गोष्टीची. त्याच १६४० साली फर्माने नेमक्या अशाच युक्तीने २ च्या ३७ व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येचा २२३ हा भाजक शोधला होता. हत्यार त्याच्याच हातात होतं. मग इथे काय झालं? हिशेबात कुठेतरी चूक झाली असेल, किंवा पाच सुंदर उदाहरणांनंतर सहाव्याकडे संशयाने पाहणं जड गेलं असेल. पाच चाचण्या पास झाल्यावर कोड बिनधास्त पुढे ढकलणाऱ्या आम्हा मंडळींना हे समजायला अवघड नाही.

६५,५३७ आज आरएसए कूटलेखनात रोज वापरला जातो. त्याच्यानंतर या मालिकेत एकही मूळ संख्या सापडलेली नाही; पुढच्या सलग २८ संख्या मूळ नाहीत, हे सिद्ध झालंय. त्यामुळे आता बहुतेकांचा अंदाज फर्माच्या उलट आहे: यापुढे मूळ संख्या नाहीच. या वेळी बाजूने २८ उदाहरणं आहेत. सिद्धता याही वेळी नाही.