नाव सांगण्याचे बंधन

रस्त्याने चाललेल्या माणसाला शिपायाने हटकावे आणि विचारावे, ‘नाव काय? कुठला? इथे काय करतोस?’ हा प्रकार आपल्यापैकी कोणालाही नवा नाही. ज्याचे कपडे धड आहेत त्याच्या वाट्याला तो क्वचित येतो. परगावाहून कामाच्या शोधात आलेल्याच्या, रात्रपाळी करून घरी परतणाऱ्याच्या वाट्याला तो वरचेवर येतो. आम्ही कारखान्याच्या फाटकाबाहेर पत्रके वाटायला उभे राहतो तेव्हा आमच्यापुढेही पहिला प्रश्न हाच येतो. त्यामुळे या प्रश्नाच्या मुळाशी जावे असे मला फार दिवस वाटत होते. मी वकील नाही. कायद्याची पुस्तके मी गरजेपोटी वाचली आणि ज्या क्रमाने गोष्टी मला उमगल्या त्याच क्रमाने आज त्या आपणापुढे ठेवतो.

प्रश्न असा आहे. कोणीतरी पोलिसांना कळवतो की एक संशयित माणूस अमुक ठिकाणी फिरतो आहे. शिपाई तेथे येतो. आता त्या माणसाने आपले नाव सांगितलेच पाहिजे काय? न सांगितल्यास तो गुन्हा होतो काय? या वादाचा सर्वांत सविस्तर इतिहास अमेरिकेत सापडतो, कारण तेथे तो रस्त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत अनेकदा गेला. म्हणून आपणही तेथेच जाऊ. परंतु त्याची मुळे आणखी मागे, इंग्लंडात आहेत.

इंग्लंडात १३४८ साली प्लेगची भयंकर साथ आली. गावेच्या गावे ओस पडली, मजूर मिळेनासे झाले आणि जे उरले ते अर्थातच जास्त मजुरी मागू लागले. तेव्हा राजाने १३४९ साली हुकूम काढला आणि १३५१ साली पार्लमेंटने कायदा केला, की साथीपूर्वीच्या दरानेच मजुरी घ्यावी आणि मजुराने मुदतीपूर्वी धनी सोडून जाऊ नये. एकदा हे ठरले की पुढची पायरी ओघानेच येते. ज्याला धनी नाही आणि जो वाटेने चालला आहे, तो पळालेला असला पाहिजे! भटक्यांविरुद्धचे कायदे या वाटेने वाढत गेले, आणि १८२४ साली त्यांना जो आकार मिळाला त्यात, माणसाने काही केले नसले तरी त्याच्या हेतूचा संशय येणे एवढेच पकडायला पुरे झाले.

हेच कायदे अमेरिकेतील वसाहतींनी उचलले. तेथे १८६५ साली गुलामगिरी संपली. त्याच वर्षाच्या अखेरीस मिसिसिपी राज्याने काळ्या लोकांसाठी कायदा केला, की जानेवारी १८६६ च्या दुसऱ्या सोमवारी, आणि पुढे दरवर्षी, प्रत्येकाजवळ घराचा किंवा नोकरीचा लेखी पुरावा असला पाहिजे. ज्याला काम नाही तो भटक्या. भटक्याला दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो कोणी तो भरील त्याच्याकडे मजुरी! कालपर्यंत जो गुलाम होता त्याला कागदाच्या वाटेने पुन्हा शेतावर नेण्याची ही युक्ती होती. श्रोतेहो, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. गरिबाकडे मागितला गेलेला ओळखीचा कागद हा मुळात मालकाचा दाखला होता. ‘तू कोण’ या प्रश्नाचा अर्थ ‘तू कोणाचा’ असा होता.

आता एकदम शंभर वर्षे पुढे येऊ. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी क्लीव्हलंड शहरात मॅकफॅडन नावाचा साध्या वेषातील एक अनुभवी पोलीस उभा होता. दोन माणसे आळीपाळीने एका दुकानाच्या काचेत डोकावून परत येत होती. डझनभर वेळा हे झाले. मधेच तिसरा येऊन काही बोलून गेला. मॅकफॅडनला वाटले, दरोड्याची टेहळणी चालली आहे. त्याने जवळ जाऊन नावे विचारली. ती माणसे काहीतरी पुटपुटली. त्याने एकाला धरून अंग चाचपले, तो पिस्तूल निघाले. हा खटला १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. न्यायालय म्हणाले, अटकेला लागतो तेवढा पुरावा नसला तरी पोलिसाला माणूस थोडा वेळ थांबवता येईल. मात्र त्याला नुसती शंका आली हे पुरेसे नाही, ती ज्यांवरून आली त्या डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टी त्याला नेमकेपणाने सांगता आल्या पाहिजेत. म्हणजे संशयालाही कारण लागते, हा नियम झाला. थांबवलेल्याने उत्तर दिलेच पाहिजे की काय, हा मुद्दा त्या निकालाने सोडवला नाही.

चार वर्षांनी, १९७२ साली, फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल शहराचे प्रकरण आले. त्यात अनेक आरोपी होते. त्यांतील एकाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हा भाजीपाल्याच्या धंद्यात अर्धवेळ मजुरी करणारा आणि काळ्या लोकांच्या एका राजकीय गटाचे संघटन करणारा माणूस. आठवड्यातला कामाचा दिवस, सकाळची नऊ-दहाची वेळ. तो आणि एक अठरा वर्षांचा विद्यार्थी मित्राची वाट पाहत होते. त्याची मोटार घेऊन त्यांना नोकरीचा अर्ज करायला जायचे होते. थंडी होती, अंगात कोट नव्हता, म्हणून दोघे एका लाँड्रीत शिरले. तेथून निघा म्हणताच निघाले आणि मित्र कोठे दिसतो का हे पाहत दोन-तीन फेऱ्या मारल्या. दुकानदारांना शंका आली. त्यांनी पोलीस बोलावले. झडतीत शस्त्र सापडले नाही. तरी दोघांना अटक झाली. कारणे दोन: त्यांच्याजवळ ओळखपत्र नव्हते, आणि त्यांच्या सांगण्यावर शिपायांचा विश्वास बसला नाही. नोकरी शोधायला निघालेला माणूस भटक्या ठरून तुरुंगात गेला!

त्या शहराचा भटक्यांविषयीचा नियम न्यायालयाने एकमताने रद्द केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती डग्लस यांनी व्हिटमन आणि थोरो यांची आठवण करून दिली. भटकणे हा गुन्हा, तर मग हे थोर भटके कोठे जातील? त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की कायदा इतका ढिला असेल की त्यात कोणालाही धरता येते, तर प्रत्यक्षात त्यात गरीब, नावडते आणि वेगळे दिसणारेच धरले जातात.

१९७९ साली टेक्सासमधील एल पासो शहराचा खटला आला. भर दुपारी एका गल्लीत दोन माणसे एकमेकांपासून दूर जाताना गस्तीच्या पोलिसांना दिसली. त्या भागात अमली पदार्थांचा व्यापार चाले. एकाला थांबवून नाव विचारले, तो सांगेना, त्याला अटक झाली आणि दंडही झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो दंड रद्द केला. वस्ती बदनाम आहे म्हणून वस्तीतला प्रत्येक माणूस संशयित होत नाही. आणि थांबवायलाच कारण नव्हते, तर नाव न सांगितल्याची शिक्षा कोठून येणार?

त्यानंतर कॅलिफोर्निया. लॉसन नावाचा काळा गृहस्थ पायी हिंडत असे. १९७५ ते १९७७ या काळात त्याला सुमारे पंधरा वेळा हटकले गेले. तेथील कायद्यात ‘विश्वसनीय’ ओळख पटवली पाहिजे असे शब्द होते. विश्वसनीय कशाला म्हणायचे, हे मात्र समोरच्या शिपायाने ठरवायचे. १९८३ साली न्यायालयाने ते कलम मोडीत काढले. माणसाने आपले कर्तव्य पुरे केले की नाही हे ज्या कायद्यावरून त्याला स्वतःला कळत नाही, तो कायदाच नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे खबर देणाऱ्याकडे येऊ. १९९५ साली मायामीच्या पोलिसांना एका निनावी माणसाने दूरध्वनीवरून सांगितले, की अमुक बसथांब्यावर चौकड्यांचा सदरा घातलेल्या काळ्या तरुणाजवळ पिस्तूल आहे. पोलीस गेले, तशा सदऱ्याचा मुलगा उभा होता. तो काहीही वावगे करीत नव्हता. झडती घेतली, पिस्तूल निघाले. तरीही २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की ती झडती बेकायदा. सदऱ्याचा रंग बरोबर सांगितला म्हणजे आतली गोष्टही खरी, असे होत नाही. नाव न सांगणारा माणूस उद्या वैरापोटीही फोन करील. पिस्तूल निघाले ही गोष्ट झडतीनंतरची. संशयाला आधार झडतीपूर्वीचा लागतो.

याच वर्षी, २१ मे २००० रोजी, नेवाडा राज्यात दुसरा प्रसंग घडला. एका माणसाने कळवले, की लाल-रुपेरी ट्रकमधील पुरुषाने बाईवर हात टाकलेला आपण पाहिला. अधिकारी गेला. तसाच ट्रक रस्त्याकडेला होता, खडीवर चाके घसरल्याच्या खुणा होत्या, बाहेर हायबेल नावाचा माणूस उभा होता आणि आत एक तरुणी बसलेली होती. ती त्याची मुलगी निघाली. तो प्यायलेला दिसत होता. अधिकाऱ्याने अकरा वेळा ओळख मागितली, अकराही वेळा त्याने नकार दिला. अडीचशे डॉलर दंड झाला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो दंड कायम केला.

हा निकाल नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो अर्धवट सांगितला जातो. त्याने पोलिसाला वाटेल त्याला नाव विचारून तुरुंगात टाकण्याची मुभा दिली नाही. त्यातून चार पायऱ्या निघतात. पहिली, नुसती चौकशी: शिपाई कोणालाही प्रश्न विचारू शकतो, पण ऐकणारा गप्प राहून चालू लागू शकतो. दुसरी, सकारण संशय: तेव्हा थोडा वेळ थांबवता येते. तिसरी, नावाची सक्ती: थांबवणे कायदेशीर असेल, त्या राज्याने तसा कायदा केलेला असेल आणि नाव विचारण्याचा त्या घटनेशी संबंध असेल, तरच. चौथी, अटक: तिला त्याहून मोठा आधार लागतो. आणि नेवाडाचा कायदा त्या न्यायालयाने वाचला त्याप्रमाणे, तोंडी नाव सांगितले की बंधन संपते. कागद दाखवण्याची सक्ती त्यात नाही.

विरोधातल्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे म्हणणे असे, की नाव ही लहान गोष्ट नव्हे. सरकारी नोंदींच्या कोठाराची ती किल्ली आहे. मला हे पटते. पण दुसरी बाजूही खरी आहे. ट्रकमध्ये एखादी बाई खरोखरच मार खात असती, तर आलेला अधिकारी ‘नाव सांगत नाहीत बुवा’ म्हणून परत गेलेला आपल्याला चालला असता काय? माझे उत्तर नाही असे आहे. म्हणून मला फरक निकालापेक्षा खबरीत दिसतो. नेवाडात खबर देणाऱ्याने आपण काय पाहिले ते सांगितले. जॅक्सनव्हिलच्या दुकानदारांना कोट नसलेली दोन माणसे नकोशी झाली, एवढेच. ‘संशयित’ हा शब्द म्हणजे माहिती नव्हे. तो सांगणाऱ्याने काढलेला निष्कर्ष आहे. शिपायाने त्याला विचारले पाहिजे, ‘बाबा रे, तू पाहिलेस काय?’

हा फरक कागदावर झाला म्हणून व्यवहारात रुजला असे नाही. एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियात एका कॉफीच्या दुकानात दोन काळे तरुण ओळखीच्या माणसाची वाट पाहत बसले होते. काही विकत न घेता बसले आहेत आणि जात नाहीत, असा फोन दुकानातून गेला आणि त्यांना बेड्या पडल्या. पुढे पोलीस प्रमुखांना माफी मागावी लागली. जॅक्सनव्हिलनंतर सेहेचाळीस वर्षांनीही दोन माणसे वाट पाहण्यापायी पकडली गेली.

आपल्याकडे काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः संशयित ठरवल्या. हजेरी आणि परवाना यांच्याशिवाय हलायची चोरी. सोलापूरच्या सेटलमेंटमधील माणसे तारेच्या कुंपणातून गिरणीत कामाला जात. तो कायदा १९५२ साली गेला. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९ सांगते, की पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा करणारा किंवा तशा गुन्ह्याचा आरोप असलेला माणूस नाव-पत्ता देत नसेल वा खोटा देत असेल, तर ते पडताळण्यापुरती त्याला अटक करता येते. खरे नाव-पत्ता कळल्यावर जातमुचलक्यावर सोडले पाहिजे. १८९८ च्या संहितेतही हेच होते. कलम १२८ खाली, दखलपात्र गुन्ह्याच्या हेतूने लपूनछपून वावरणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेता येतो. तो मात्र दंडाधिकाऱ्यापुढे. दोन्हीकडे गुन्ह्याशी काही धागा जोडलेला लागतो. परका दिसतो, फाटका दिसतो, हा तो धागा नव्हे.

याच संहितेत कलम ३६ आहे. २०१० पासून हा नियम आपल्याकडे लागू आहे. अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे स्वतःचे नाव अचूक, स्पष्ट आणि दिसेल असे असले पाहिजे. सहाशे वर्षे प्रश्न एकाच बाजूने विचारला गेला. येथे तो दुसऱ्या बाजूनेही विचारता येतो. आपण सगळ्यांनी हे कलम पाठ करावे, आपल्या वस्तीतल्या पोरांना सांगावे. आणि खिडकीतून कोणी अनोळखी दिसला की फोनकडे हात जाण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की मी काही पाहिले आहे, की मला नुसतेच वाटले आहे?