वहीतलं अक्षर आणि बाईचा हात

‘पोरीचं अक्षर मोत्यासारखं आहे’ असं आपण कौतुकानं म्हणतो. पण अक्षरानं माणसाचं पुढचं आयुष्य घडतं का? आज आपण आपल्या खानदेशातच याचं उत्तर शोधू.

आधी धुळ्याला जाऊ. तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांनी स्वतःच्या हातानं उतरवलेलं वाल्मीकी रामायण जपून ठेवलं आहे. नाशिकजवळच्या टाकळीला, कोवळ्या वयात, त्यांनी ते लिहिलं असं परंपरा सांगते. नानासाहेब देवांनी गावोगावच्या मठांतून अशी जुनी बाडं धुळ्यात आणली. पुढे दासबोधात समर्थांनी अक्षर कसं काढावं यावर अख्खा एक समास लिहिला. अक्षर वाटोळं, सुटं, ओळ सरळ असावी; आणि तरुणपणी इतकं बारीक लिहू नये की म्हातारपणी आपल्यालाच वाचता येणार नाही. म्हणजे चांगलं अक्षर कोणतं? जे दुसऱ्याला सहज वाचता येतं ते.

त्या काळी मुलं धुळपाटीवर बोटानं अक्षर गिरवत. हात बसला की बोरू आणि शाई मिळे. हिशेब, पत्रं, वतनाचे कागद मोडीत लिहिले जात, कारण मोडी हात फारसा न उचलता भरभर लिहिता येते. ज्याचा हात वळणदार, त्याला दफ्तरात, पेढीवर कारकुनी मिळे. छापखाने आणि टंकयंत्रं सर्रास होण्याआधी अक्षर हीच पोटापाण्याची विद्या होती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी असेच हातानं लिहिलेले कागद शोधत आयुष्य घालवलं. 1926 साली ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी तिथं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. आजही जुन्या नोंदी शोधायच्या तर मोडी वाचणाऱ्याला बोलावणं येतं.

पण हा बोरू कोणाच्या हातात होता? थोड्या जातींच्या, आणि त्यातही पुरुषांच्या. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात जातं होतं, विळा होता.

आता जळगावला येऊ. बहिणाबाई चौधरींचा जन्म 1880 साली असोद्याचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्यातली काही वहीत उतरवून घेतली. 1951 साली बहिणाबाई गेल्या. ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली गेली आणि 1952 साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. पण मैत्रिणींनो, जी गाणी कुणी टिपलीच नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. आणि ज्यांच्या घरात लिहिणारा सोपान नव्हता, अशा किती जणींच्या ओव्या जात्यापाशीच विरल्या!

नुसत्या सुंदर अक्षरानं नोकरी मिळते असं आम्ही म्हणणार नाही. आता अर्ज संगणकावर भरतात, अंगणवाडीच्या नोंदी मोबाइलवर होतात. पण लहानपणी हाताला लागलेली सवय, म्हणजे सावकाश, नीट, दुसऱ्याला कळेल असं लिहिणं, ती पुढे कामी येतेच. परीक्षेत येते आणि बचत गटातही येते. गटाच्या पंचसूत्रीत नियमित नोंदी ठेवणं हे एक सूत्र आहे. एक आणि सात यांतला फरक कळला नाही, तर कोणीतरी बाई सहाशे रुपयांना बुडते आणि बँकेपुढे गटाची पत जाते. ज्या बाईचं लिहिणं स्वच्छ, तिच्याकडे आधी गटाची वही येते, मग ग्रामसंघाची. या कामाचं पुढे मानधनही मिळू शकतं.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. इतिवृत्त दर महिन्याला वेगळ्या बाईनं लिहावं आणि दुसरीनं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. जिथं अडेल, तिथं अक्षर सुधारायचं. लेकीला सोबत बसवा. आणि घरातल्या म्हातारीला एक ओवी म्हणायला सांगून ती लेकीच्या हातानं वहीत उतरवून घ्या, खाली म्हातारीचं नाव आणि तारीख घालून.